आयव्हीची पाठ

बाळकुमची आयव्ही आमच्या ऑर्केस्ट्रात बावीस वर्षं गायली. हळद असो, नवरात्र असो, ती माइकसमोर आली की पहिल्या रांगेतले लोक उठून नाचायचे. मी गुरुदत्त, निवेदक. मागे ड्रमवर बॉस्को. दिवसा तो वागळे इस्टेटमध्ये पत्र्यांना रंग मारायचा. मला हा माणूस कधीच आवडला नाही.

चमचमते ब्लाउज मालक भाड्याने आणायचा. त्यातला एकही आयव्हीला धड बसला नाही. मागून चार सेफ्टी पिना टोचून ती उभी राहायची. प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, हा तिचा नेम. गाणं संपलं की वाकून नमस्कार करायची आणि उलट्या पावलांनी विंगेत जायची. त्या पिना फक्त बॉस्कोला दिसायच्या.

ऑर्केस्ट्रा बंद पडला आणि हा गडी चित्रकार झाला. ठाण्यात प्रदर्शन लावलं, आम्हाला आग्रहाने बोलावलं. समोरच्याच भिंतीवर आयव्हीच्या उंचीचं उभं चित्र होतं. चेहरा नाही, हात नाहीत, नुसती हिरवी चौकोनी पाठ आणि बोटभर जाडीच्या चार पिना. खाली आयव्हीचं नाव.

"उतरव ते," आयव्ही म्हणाली. "बावीस वर्षं लपवलेलं मी. लाज नाय वाटली तुला?"

"अगं, मॉडर्न आर्ट आहे. तुला नाय कळणार."

माझं डोकंच फिरलं. पण मी तोंड उघडायच्या आत ती चित्राला पाठ टेकून उभी राहिली. येईल त्याच्याकडे बघून स्टेजवरचं हसू हसत राहिली. तासभर कुणाला एक पीन दिसू दिली नाही. बॉस्को दोनदा खेकसला, तरी ती जागची हलली नाही.

शेवटी एका बाईंनी विचारलं, "या कोण?"

"ती पण चित्रातच आहे," बॉस्को म्हणाला. निर्लज्ज कुठला!

सगळे गप्प झाले, आणि इथे मी माती खाल्ली. कार्यक्रमात अशी शांतता पडली की पहिली टाळी निवेदकाने वाजवायची, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी वाजवली. मागोमाग अख्ख्या हॉलने वाजवली.

टाळ्या ऐकल्या तशी आयव्ही हात जोडून कमरेत वाकली, आणि तिच्या डोक्यावरून चारही पिना सगळ्यांना दिसल्या.