आबांचा श्वास आणि माझे प्रथमोपचार

मी काही लिहावं एवढी माझी पात्रता नाही, हे आधीच कबूल करतो. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, म्हणून अर्ज, पत्रं आणि माफीनामे माझ्याकडेच येतात. हा माफीनामा समजावा. माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची, बरगडी मी मोडली.

आबांचं घोरणं अंबडच्या रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. (बैल बुजत नसत, सवय होती.) घोरता घोरता मधेच श्वास बंद पडायचा. आई म्हणायची, तेवढीच कानाला शांतता. पण ब्लडप्रेशर गोळ्यांना दाद देईना, तेव्हा जालन्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. झोपेत असा श्वास अडकला की हृदयावर ताण येतो, एखाद्या दिवशी ते दगा देईल, म्हणाले. किती वेळ अडकतो, ते घड्याळ लावून बघायला सांगितलं. औरंगाबादच्या तपासणीला आबा तयार नव्हते. एवढं दणकून झोपणारा माणूस आजारी कसा, हा त्यांचा सवाल.

रविवारी दुपारी मी बाजेजवळ बसलो. आबा घोरले आणि थांबले. दहा सेकंद. वीस. तीस! ओठ निळसर दिसू लागले. फक्त बघायचं होतं, हे मी साफ विसरलो. कॉलेजच्या शिबिरात छाती दाबायला शिकलो होतो (बाहुलीची). बाजेवर चढून दाबली. आबांच्या घशातून प्रचंड आवाज निघाला. उपाय लागू पडतोय असं वाटून मी दुप्पट जोरानं दाबली. कट्कन वाजलं.

आबांनी डोळे उघडले. "काय करून राह्यला रे?"

"आबा, तुम्ही गेल्ते."

"कुठं न्हाई गेल्तो. झोपलो होतो मी."

मग त्यांच्या छातीत कळ आली आणि घरात रडारड सुरू झाली. काकांनी जीप आणली. सहा महिने नाही म्हणणारे आबा तासाभरात औरंगाबादला निघाले. मला नेलं नाही. "ह्याला माझ्या उशाशी बसू देऊ नका," एवढंच ते बोलले.

घरी फोन नव्हता. मी कॉलेजच्या हॉस्टेलवर परतलो, चार दिवस काहीच कळेना. हृदयाचं काही निघू नये, बरगडीच निघावी, असा नवस मी बोललो. स्वतःच्या बापाच्या बरगडीसाठी!

पाचव्या दिवशी काका आले. "हृदयावर ताण आलाय, पण बराबर टायमाला आणलं म्हणले डॉक्टर. आता नाकाला मशीन लावून झोपायचं."

काकांनी केसपेपर पुढे केला. बरगडीला तडा. कारण : मुलगा, बी.एस्सी. प्रथम वर्ष.

डॉक्टर नुसतं 'मुलगा' लिहीत होते म्हणे. पुढचं आबांनी हट्टानं लिहायला लावलं.