सुकऱ्याचा नीलमोहर

तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या पाड्यावर राहणारा सुकऱ्या एकदा हंगामाला डहाणूत चिकूच्या वाडीवर कामाला होता. तिथल्या बंगल्यापुढे नीलमोहर फुलले होते. वर निळंजांभळं, खाली रस्ताही तसाच. चिकूची पाटी डोक्यावर घेऊन तो बघत राहिला आणि पाठीमागून मुकादमाची हाक आली तेव्हा पाटीसकट दचकला. निम्मे चिकू मातीत गेले.

घरी जाताना चारोटीच्या नर्सरीतून त्याने नीलमोहराचं रोप घेतलं. नर्सरीवाला अमृत म्हणाला, तीन-चार वर्षांत फुलेल. सुकऱ्याने पाड्यावर तीनच सांगितली.

त्याने झाडाचे लाड केले ते असे, की बायको जिजा म्हणायची, एवढी सेवा माझ्या आईबापानेही माझी केली नाही. रोज दोन हंडे पाणी, शेणखत, शिवाय किनाऱ्यावरच्या वरोर गावाहून आणलेलं सुक्या मासळीचं खत. त्या वासाने पाहुणे अंगणात टेकायचे बंद झाले. झाड घराच्या वर गेलं. पानं अशी दाट की खाली भरदुपारी अंधारून यायचं. फूल मात्र एक नाही. अशी सात वर्षं गेली.

शेवटी म्हाताऱ्या सोमीकाकीने जुना उपाय सांगितला. न फळणाऱ्या झाडाला कुऱ्हाड दाखवायची. एकाने तोडायला धावायचं, दुसऱ्याने मध्ये पडून म्हणायचं, राहू दे, पुढच्या साली फुलेल. झाड भितं आणि फुलतं.

दिवाळी सरल्यावर एका सकाळी सुकऱ्या कुऱ्हाड घेऊन अंगणात उतरला. जिजाला काय बोलायचं ते त्याने दोनदा पढवलं होतं. त्याने कुऱ्हाड उगारली, डोळे वटारले आणि ओरडला, "आज तुला ठेवत नाय!"

जिजाने झाडाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. म्हणाली, "तोड एकदाचं. चुलीला तरी होईल."

सुकऱ्या गर्रकन तिच्याकडे वळला. कुऱ्हाड मात्र निघाली होती. ती खोडावरून घसरून त्याच्या डाव्या पायावर आली. दवाखान्यात सात टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? तो म्हणाला, "झाडाला घाबरवत होतो." डॉक्टरांनी कागदावर नुसतं 'कुऱ्हाड' लिहिलं.

जखम चिघळली आणि माघ संपेपर्यंत तो खाटेवर पडून राहिला. जिजा मजुरीला जायची, प्यायचं पाणी आणायची. झाडाला कोण घालणार? पानं पिवळी पडली, गळली. खाटेवरून ते उघडं झाड बघून सुकऱ्याला वाटलं, भीतीनेच मेलं बिचारं. त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही.

चैत्रात जिजाने त्याला हाताला धरून बाहेर आणलं. झाडावर एक पान नव्हतं, आणि फांदी न् फांदी फुलांनी लगडली होती.

पाड्यावरचे लोक बघायला आले. सुकऱ्याने कुऱ्हाडीचा गुण रंगवून सांगितला, अगदी पाय दाखवून. आठवड्याने अमृत कामानिमित्त तिकडून चालला होता, तोही थांबला. सगळं ऐकून म्हणाला, याला एवढं खतपाणी घालायचं नसतं, नुसता पाला वाढतो. यंदा उपाशी राहिलं म्हणून फुललं.

सुकऱ्या पायावरचा व्रण चाचपत बसला. मग पोट धरून हसला. "म्हणजे सात वर्षं फुलांच्या आड मीच येत होतो!"

हे तो आता स्वतःच सगळ्यांना सांगतो. दुपारी झाडाखाली खाट टाकतो, अंगावर फुलं पडू देतो. जिजाने यंदा कुंपणाला लागून भेंडी लावली आहे. तिकडे फिरकायची त्याला बंदी आहे.