अकरा नंबरची खुंटी

पेन्यामोराच्या रेसिंग क्लबात खेळाडू आले नि गेले. मिस्टर, म्हणजे संघाचे प्रशिक्षक, तर भिंतीवरच्या कॅलेंडरासारखे बदलले. जर्स्या टांगणारा माणूस मात्र बासष्ट वर्षं तोच. बेलार्मिनोला क्लबाने कधीच निवृत्त केलं होतं, निरोपाचं घड्याळही दिलं होतं. तेच घड्याळ मनगटावर बांधून तो सामन्याच्या दिवशी चार तास आधी हजर व्हायचा. नव्या कपडेवाल्याने सुरुवातीला कुरकुर केली, मग गप्प बसला. म्हाताऱ्यासारखी इस्त्री अख्ख्या खोऱ्यात कोणाला जमत नव्हती.

संघ आता दुसऱ्या श्रेणीतला, पगारी. गोलकीपर अर्जेंटिनाचा, बचावात सेनेगलचा एक ताडमाड गडी, आणि पेन्यामोरात जन्मलेले जेमतेम तिघे. प्रत्येकाच्या पाठीवर नाव, प्रत्येकाची खुंटी ठरलेली. फक्त दाराआडच्या शेवटच्या खुंटीवर एक जुनी सुती जर्सी असायची. काळे-हिरवे पट्टे, नाव नाही, पाठीवर हाताने शिवलेला अकराचा आकडा.

"आजोबा, अकरा नंबर माझा ना?" डावा विंगर साऊल दर पंधरवड्याला विचारायचा. "मग हा भिडू कोण?"

"तू धापा टाकायला लागलास की याला उतरवायचंय," बेलार्मिनो म्हणायचा. पोरं हसायची आणि बूट बांधायला लागायची.

सामना संपला की पोरं आपापल्या घामेजल्या जर्स्या जमिनीवर फेकायची. बेलार्मिनो त्या गोळा करायचा, सगळे निघून जाईपर्यंत रेंगाळायचा, आणि मग दाराआडची जर्सी खाली काढायचा. ती ओली असायची. पाठीवर ओली, काखेत ओली, नुसती दमट नव्हे, पिळली तर पाणी निघेल अशी. कॉलरच्या शिवणीत कोळशाची बारीक कच. ती जर्सी तो कोणाच्या हाती द्यायचा नाही. घरी नेऊन हाताने धुवायचा आणि पाणी काळं व्हायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "छत गळतंय तुमच्या क्लबाचं. कौलं बदला म्हणावं." पुढे क्लबाने सगळं स्टेडियम नवं बांधलं, वर काँक्रीटचा स्लॅब घातला, तरी जर्सी ओलीच. बायको आता राहिली नव्हती, आणि दुसऱ्या कोणाला सांगायची त्याची छाती नव्हती.

कारण ती जर्सी कोणाची आणि ती तिथे का टांगलेली, हे सांगायचं तर एकोणीसशे सत्तावन्नचा ऑक्टोबर सांगावा लागला असता.

तेव्हा संघातली निम्मी पोरं खाणीत कामाला होती. शुक्रवारी संध्याकाळी मिस्टर कागदावर बारा नावं लिहायचे, दोन गोलकीपर धरून, आणि सतरा वर्षांचा बेलार्मिनो ती कारमेलोच्या सिद्राच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, गुत्त्यात पाटीवर खडूने उतरवायचा. मुकादमही येऊन तीच पाटी बघायचे. पाटीवर नाव असेल त्याला शनिवारच्या पाळीची सुट्टी, तो आठच्या बसने बाहेरगावी, रविवारच्या सामन्याला. नाव नसेल तो सहाच्या पाळण्यातून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, खाली. बेलार्मिनोचं अक्षर मोत्यासारखं. कधी नाव गळलं नाही, कधी चुकलं नाही. "बेलार्मिनोची यादी आहे बाबा, चुकायची नाही," असं गावात कशावरूनही म्हणायचे, आणि त्याची कॉलर ताठ व्हायची.

त्या शुक्रवारी पाटीच्या खिळ्यावर कोणाचा तरी ओव्हरकोट टांगलेला होता. बेलार्मिनोने पाटी खाली जमिनीवर, पिंपाला टेकून ठेवली आणि मित्रांत जाऊन बसला. सिद्रा प्यायची रीत तिथे सगळ्यांच्या अंगात भिनलेली. बाटली डोक्यावर धरून खालच्या पेल्यात धार सोडायची, एका दमात प्यायची, आणि तळाचा उरलेला घोट पेल्याची कड धुवून जमिनीवर भिरकावायचा, कारण पेला पुढच्याला जायचा असतो. बेलार्मिनोनेही भिरकावला. दोनदा, चारदा, मागे न बघता.

सकाळी बसकडे जाताना त्याने गुत्त्याच्या उघड्या दारातून पाहिलं. पाटीवर अकरा नावं होती. सगळ्यांत खालचं, डाव्या विंगरचं, ओघळून पांढरट डाग झालं होतं. निकानोर. गेल्या रविवारी त्याने पेनल्टी बाहेर मारली होती आणि मिस्टरांनी त्याला चारचौघांत झापलं होतं. गाय व्यायली म्हणून तो उशिरा गुत्त्यात आला असणार, आपलं नाव नाही हे बघून मुकाट परतला असणार. खाण पंधरा मिनिटांवर होती. बेलार्मिनो धावत गेला असता, सांगितलं असतं, तर पाळणा वर आला असता. तो गेला नाही. मिस्टर ओरडतील, लोक हसतील, अशी त्याला भीती वाटली. सोमवारी सांगू, असं ठरवून तो बसमध्ये चढला. निकानोर आला नाही तेव्हा मिस्टरांना वाटलं, झापल्यामुळे रुसला असेल.

दहाच्या सुमारास खाणीत गॅस पेटला. आठ माणसं गेली, त्यांत निकानोर.

मिस्टर गावभर सांगत फिरले, मी त्याचं नाव लिहिलं होतं, देवाशपथ लिहिलं होतं. लोकांनी बेलार्मिनोला विचारलं, कागद कुठाय? तो म्हणाला, फाडून टाकला. मिस्टर खोटारडे ठरले आणि महिन्याभरात गाव सोडून गेले. कागद बेलार्मिनोच्या बटणांच्या डब्यात होता. पुढच्या घरच्या सामन्याला त्याने निकानोरची जर्सी टांगली. सामना संपल्यावर ती ओली होती.

आता क्लबाला शंभर वर्षं होत होती. कचेरीतली नोएलिआ क्लबाचा इतिहास लिहीत होती, आजवरच्या प्रत्येक संघाच्या याद्यांसकट. तिने बेलार्मिनोपुढे एक पान ठेवलं.

"बघा ना आजोबा, एवढंच राहिलंय. गुरुवारी छापायला जाणार. तुमच्याशिवाय तेव्हाचं कोणी उरलं नाही."

पानावर लिहिलं होतं, 'पेनल्टी हुकल्यामुळे प्रशिक्षकाने निकानोरला संघातून वगळले. दुसऱ्याच दिवशी खाणीत त्याचा अंत झाला.' बेलार्मिनोने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आता हे छापून झालं की कायमचं खरं होणार होतं.

"बरोबर आहे ना?"

"उद्या सांगतो," तो म्हणाला. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं.

पण या वेळी तो घरी जाऊन डबा घेऊन निघाला आणि थेट एतेलविनाच्या दारात उभा राहिला. निकानोरची धाकटी बहीण, आता शहात्तरची. भाऊ गेल्यापासून तिने मैदानात पाऊल टाकलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती.

"टोपी काढतोस रस्त्यात, पण घरी येत नाहीस," ती म्हणाली. "आज कसा उगवलास?"

त्याने कागद टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. पाटी, सिद्रा, सकाळचा डाग, बस. तिचे हात थांबले नाहीत. शेंगा संपल्यावर ती बोलली.

"त्या मिस्टरच्या तोंडावर मी भर चौकात थुंकले होते, चौदा वर्षांची असताना. त्याने पुसलंसुद्धा नाही."

"एतेलविना, मी..."

"गप्प बस. माफी मागू नकोस, माझ्याकडे नाहीये ती." तिने कागद उचलला, बाराव्या नावावर बोट ठेवलं. "तुला एक सांगू? त्या रात्री आई त्याला म्हणाली होती, मिस्टरला जाऊन विचार, काहीतरी गफलत असेल. तो निघालाही होता. उंबऱ्यातून मागे फिरला. म्हणाला, बेलार्मिनोच्या हातची यादी आहे आई, ती चुकत नाही. उगाच पोराचा अपमान कशाला?"

बेलार्मिनो खुर्चीत बसला. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. मग जे बायकोनंतर कोणाला सांगितलं नव्हतं तेही सांगून टाकलं. ओली जर्सी, कॉलरमधली कच.

"शिव्या द्यायला येतो तो मला. बासष्ट वर्षं झाली."

"शिव्या?" एतेलविना उठून उभी राहिली. "अरे मूर्खा, तू टांगतोस म्हणून येतो तो! नाव लागलं की खेळायला यायचं, एवढंच त्याला माहीत. तुझी यादी चुकत नाही ना? दर सामन्याला तू त्याला बोलावतोस आणि तो बिचारा त्या खाणीतून वर चढून येतो, धावत. बाविशीचं पोर माझं. दमला असेल रे तो."

दुसऱ्या दिवशी नोएलिआने ते पान बदललं. मिस्टरांचा कागद जसाच्या तसा छापायचं ठरलं, आणि खाली बेलार्मिनोने स्वतः दोन ओळी लिहून दिल्या, सहीसकट. "लोक काय म्हणतील, आजोबा?" तिने विचारलं. "म्हणू दे," तो म्हणाला.

रविवारी त्याने सगळ्या जर्स्या टांगल्या. जुनी जर्सी धुऊन, इस्त्री करून, पिशवीत घातलेली होती. सामना संपल्यावर ती एतेलविनाकडे द्यायची होती. तो दाराआडच्या रिकाम्या खुंटीसमोर येऊन उभा राहिला.

"निकानोर," तो हळू आवाजात म्हणाला, "आज तुझं नाव नाही यादीत. मी दोनदा बघितलंय. खाणीतही जायचं नाही. घरी जा."

बाहेर बुटांचे आवाज आले, दार उघडलं, आणि पोरं गलका करत आत शिरली. साऊलने सवयीने दाराआड डोकावून पाहिलं.

"अरेच्चा! आजोबा, तुमचा भिडू कुठाय?"

"सुट्टीवर," बेलार्मिनो म्हणाला आणि वळून त्याची जर्सी त्याच्या हातात दिली.