टाक्यातली गाठ

फुलसावंगीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या रंजिताला स्वतःच्याच पोटाची किळस होती. लेकीच्या वेळी सिझर झालं, टाके भरून आले. पण दोनेक वर्षांनी त्याच व्रणाच्या डाव्या टोकाला बोराएवढी गाठ आली. महिन्यातले चार-पाच दिवस ती टणक व्हायची, वरची कातडी जांभळी पडायची. गव्हाचा डबा उचलून पोटाशी धरला की जीव कळवळायचा. आंघोळ करताना ती तिथं हात लावायची नाही. नुसतं पाणी ओतायची, तेही दुसरीकडे बघत.

गावातल्या एका डॉक्टर म्हणवणाऱ्यानं "गळू हाय, फोडतो" म्हणत ब्लेड मारलं. पू आलाच नाही. काकवीसारखं काळपट, चिकट रक्त ओघळलं. त्यानं नाक मुरडून कापसाचा बोळा कोंबला. घरी कपडे धुताना रंजिताला ओकारी आली. पुढं दर महिन्याला तिथून पाझरू लागलं.

सासू हंसाबाईनं तिला गिरणीवरून उठवलं. "मले घाण वाटते. लोकं त्याच पिठाच्या भाकरी खातेत." नवऱ्यानं, मारोतीनं, आपलं अंथरूण ओसरीत नेलं.

शेवटी रंजितानं एकटीनंच यवतमाळची एसटी धरली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गाठ चाचपली आणि विचारलं, "पाळीच्याच दिवसांत फुगते का?"

रंजितानं मान डोलावली. तीन वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

"गर्भाशयाच्या आतलं अस्तर असतं, त्याचे कण सिझरच्या वेळी टाक्यात अडकले असावेत. पाळी आली की त्यांतूनही रक्त सुटतं. काढून टाकू, तपासायला पाठवू."

ऑपरेशननंतर नर्सनं ट्रेमधली गाठ दाखवली. पांढुरका गोळा, त्यात तपकिरी खळगे. ऑपरेशनला मात्र सोबत आलेल्या हंसाबाईनं नाकाला पदर लावला. "शी! काहून पाह्यतं वं?"

"माह्याच अंगातलं हाय," रंजिता म्हणाली. तिनं नजर हटवली नाही.

रिपोर्टात डॉक्टरीणबाईंचंच म्हणणं खरं निघालं. पुढची पाळी आली तेव्हा टाका दुखला नाही. रंजिता कोणाला न विचारता गिरणीवर जाऊन बसली. दळणाला आलेल्या एकीनं हळूच विचारलं, "पोटात काय निंगालं मा?"

"पाळीचं रक्त."

बाईनं तोंड वाकडं केलं, बाजूला थुंकली. रंजितानं त्या थुंकीकडे पाहिलं आणि तिला शिसारी आली.

"थुकाचं असंन तं तिकडे नालीत थुक," ती म्हणाली, आणि गिरणी सुरू केली.