मागच्या सीटवरचं वजन

चादरीचं एक टोक पिळून झालं होतं, दुसऱ्यातून अजून पाणी गळत होतं, तेवढ्यात अंगणातून हाक आली.

"पोतं! ए पोतं! चल, बस लवकर, जॅक काढलाय!"

वहिनींनी चादर बादलीच्या काठावर टाकली, ओले हात कमरेला पुसले आणि बाहेर आल्या. अंगणात नवऱ्याची जुनी जीप चार नव्या टायरांवर उभी होती. लहान पोराने बापाचे बूट घालून उभं राहावं तशी दिसत होती. वहिनी मागून चढायला गेल्या तर पहिल्या खेपेला पाय पोचलाच नाही.

"लावा रे कोणीतरी क्रेन," नवरा म्हणाला.

फाटकाला टेकलेला त्याचा मित्र खो खो हसला. त्याला सगळे भोंगा म्हणत. आवाज तसा होताच, शिवाय तो कोणाचीही नक्कल हुबेहूब करायचा. वहिनींना चढताना लागलेली धाप त्याने तिथल्या तिथे करून दाखवली. पायरीवर धान्य निवडत बसलेल्या सासूबाई "पुरे रे मेल्या, पोट दुखतं" म्हणाल्या आणि डोळे पुसून पुन्हा खडे वेचू लागल्या.

पोतं हे नाव काट्यावर पडलं होतं. नवरा गावाबाहेरच्या वजनकाट्यावर कामाला होता. मालाचे ट्रक आधी रिकामे आणि मग भरून काट्यावर चढत, हा आत काचेमागे बसून आकडा पुकारी, म्हणून सगळे त्याला काटेवाले म्हणत. एका दुपारी वहिनी त्याचा डबा घेऊन गेल्या. त्याने हौसेने जीप काट्यावर लावली, आकडा पाहिला, मग वहिनींना आत बसवून परत पाहिला, आणि दोहोंतला फरक माइकवरून रांगेतल्या समस्त ड्रायव्हरांना ऐकवला. रांगेतल्या प्रत्येक ट्रकने हॉर्न वाजवला. वहिनी रिकामा डबा घेऊन घरी आल्या, तोंडावर पाणी मारलं, स्वयंपाकाला लागल्या. देवापुढे बसल्या तेव्हाही त्यांनी गाऱ्हाणं केलं नाही. त्यांचं मागणं एकच होतं, तेवढंच मागितलं.

मागणं आईचं होतं. आई डोंगरावरच्या शेवटच्या घरात राहायची. तिचे डोळे गेले होते आणि पायही गेल्यातच जमा होते. शेजारीण दोन वेळचं बघायची आणि सवड मिळाली की आपल्या फोनवरून मायलेकींचं बोलणं करून द्यायची. बस डोंगराच्या पायथ्याशी थांबे. पुढचा रस्ता दरडीने नेला होता. चालत जायचं तर अर्ध्या दिवसाची चढण, आणि वहिनींचे गुडघे घराच्या पायऱ्यांनाच कुरकुरत. साधी गाडी वर जायची नाही, तिचं पोट दगडांना घासायचं. दर फोनला आई एकच विचारी, "हाताला कधी लागशील गं?"

"मोठे टायर बसले की पहिली फेरी तुझ्या आईकडे," असा शब्द नवऱ्याने दिला होता. त्या शब्दापायी वहिनी हाक आली की हातातलं काम टाकून मागच्या सीटवर जाऊन बसत. माणूस बसल्यावर गाडी किती दबते, टायर कुठे लागतो, हे बघायला वजन हवं असे. वाळूची पोती भरायची कोणी, उचलायची कोणी? हे पोतं आपल्या पायांनी चालत येत होतं.

काम टायरवाला करत होता. गाडी फार उंच केली तर वळणावर कलंडेल, म्हणून त्याने चाकावरच्या स्प्रिंगच्या कमानीत एकच जादा पोलादी पाटा घातला होता आणि गाडी जेमतेम दोन बोटं उचलली होती. तेवढ्या उंचीत एवढे मोठे टायर बसवायचे म्हणजे जागेची ओढाताण. पुढची चाकं पूर्ण वळवली की आतल्या बाजूला घासत. तिथे त्याने स्टेअरिंगच्या स्टॉपरला वॉशर टाकले, चाकं थोडी कमी वळू लागली आणि घासणं थांबलं. राहिली मागची बाजू. त्याने खाली वाकून टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत बोट घातलं.

"एक बोट जागा आहे. तीही उभ्या गाडीत. खड्ड्यात गेली की एवढीही नाही राहणार."

"मी काट्यावर लावून बघितली. भरून बघितली. नाही घासली."

"काटेवाले, काटा सपाट असतो. डोंगर सपाट आहे का?"

"वजनातलं तू मला शिकवू नको. वजन ते वजन."

मग रस्त्यावर एक फेरी झाली. पुढे नवरा आणि भोंगा, मागे वहिनी. नाल्याजवळच्या उंचवट्यावर गाडी आदळली आणि वहिनींच्या पाठीमागे पत्र्यावर करवत चालवल्यासारखा आवाज आला. पाठोपाठ जळक्या रबराचा वास.

"अहो, घासतंय," वहिनी म्हणाल्या.

"पोत्याला कंठ फुटला," भोंगा म्हणाला.

अंगणात परत आल्यावर टायरवाल्याने टायरवरचा ताजा ओरखडा दाखवला. मडगार्डच्या काठावरून खडूने रेघ ओढली. "इथून दोन बोटं पत्रा कापू. ग्राइंडरने अर्ध्या तासाचं काम. मग अख्खं खानदान बसवून डोंगर चढा."

काटेवाल्याने खडूची रेघ अंगठ्याने पुसून टाकली. "बाबांनी घेतलेली गाडी आहे ही. मूळ पत्रा आहे. अजून एक ठोका नाही याला. ग्राइंडर लावणाऱ्याचा हात तोडीन."

"मग मागे कोणी बसवू नका. रिकामी असली तर चालून जाईल."

"बस्स! झालं की मग!" काटेवाला एकदम खूश झाला. "ही बसली की घासतंय. नाही बसली की नाही घासत. दुखणं गाडीला नाहीच आहे."

सासूबाईंनी सुपातून मान वर केली. "मी लग्नाच्या वेळीच म्हटलं होतं, हाड मोठं आहे म्हणून."

वहिनी अजून मागच्या सीटवरच होत्या. त्यांना उतरायला कोणी सांगितलं नव्हतं. पुसलेल्या रेघेचा पांढुरका डाग त्यांच्या कोपराशेजारीच होता. दोन बोटं पत्रा. एवढाच काय तो आडवा होता त्यांच्या आणि आईच्या मध्ये.

आठवडी सुट्टीच्या सकाळी त्यांनी तरीही पिशवी भरली. आईसाठी विकत आणलेली मऊ शाल आणि तिच्या पायांना चोळायचं तेल. घराबाहेरचे कपडे घालून त्या जीपजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"तू कुठे?"

"मी पुढे बसते. मागे वजन पडणार नाही."

"पुढे भोंगा बसणार. दरीच्या बाजूने नजर ठेवायला माणूस लागतो. आणि गाडी रुतली तर काय तू ढकलणार?"

"अहो, पहिली फेरी आईकडे म्हणाला होतात."

"मग? तिकडेच तर चाललोय. चढण खरी तिथेच आहे. आण ती पिशवी. तिचं वजन चालेल."

जीप गेली. वहिनी फाटकाशी उभ्या राहिल्या. मग आत येऊन बाहेरचे कपडे बदलले आणि भांडी घासायला घेतली. दिवसभर त्यांचे कान रस्त्याकडे होते. निदान निरोप तरी येईल, आई कशी आहे ते कळेल, शाल अंगावर घातली असेल. देवाला त्यांनी त्या दिवशी तेवढंच सांगितलं की आता आईला थंडी लागू देऊ नको.

दिवेलागणीच्या आधी जीप चिखलाने माखून परतली. दोघेही इतके हसत होते की उतरताना भोंग्याचा तोल गेला.

"आई, ऐक," काटेवाल्याने सासूबाईंना हाक मारली. "हिची आई! गाडीचा आवाज ऐकला आणि म्हातारीने शेजारणीकडून स्वतःला उचलून बाहेर आणवलं. ओट्यावर बसली आणि हात असे पुढे करून! मला वाटलं, आता हिला काय सांगावं. तर या भामट्याने काय करावं?"

भोंग्याला आग्रह लागला नाही. तो वहिनींसमोरच वाकला, एक हात गुडघ्यावर ठेवला, धाप लागल्याचं सोंग केलं आणि वहिनींच्याच आवाजात म्हणाला, "आई... आले गं मी."

शब्दन् शब्द वहिनींचा. शेवटचा सूरसुद्धा.

"म्हातारबाई रडायलाच लागल्या," भोंगा आता स्वतःच्या आवाजात म्हणाला. "माझं तोंड हातात धरलं. कपाळ चाचपलं, नाक चाचपलं, 'वाळलीस गं' म्हणाल्या! वाळलीस! आणि मग हात खाली आला तो दाढीवर. अशा दचकल्या!"

काटेवाल्याने हसून हसून चाकाला टेका दिला. सासूबाई तोंडावर हात धरून हलत होत्या.

वहिनींनी विचारलं, "मग आई काय म्हणाली?"

"काय म्हणणार? हात मागे घेतला. आत न्या म्हणाली."

"आणि शाल?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग काटेवाला म्हणाला, "अगं, ती वर पोचलीच नाही. खालच्या वळणावर चाक नुसतं जागच्या जागी फिरत होतं. काहीतरी चाकाखाली घालायला हवंच होतं. पण काय पकड घेतली म्हणतेस! नवीन आण एखादी. आणि हे बघ, मागे एक ओरखडा नाही. सांगितलं होतं ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी शेजारणीला फोन लावला. ती बिचारी जरा घुटमळली, "बघते, बोलतात का," म्हणाली आणि फोन आईच्या कानाशी धरला.

"आई, मी बोलतेय गं."

वहिनींनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"आई, कालचा तो दुसराच कोणी होता. मी नव्हते. आज खरंच मी आहे."

"पुरे झाली चेष्टा, बाबा," आई म्हणाली. चिडून नाही, दारावर आलेल्या परक्या माणसाशी बोलावं तशी. "म्हातारीला छळून काय मिळतं तुम्हाला? माझी लेक यायची तेव्हा येईल. मी तिला हाताने ओळखीन."

"आई, अगं..."

"ठेव तो फोन, मुली," आई शेजारणीला म्हणाली. फोन बंद झाला. वहिनींनी परत लावला तेव्हा शेजारीणच बोलली. त्या नको म्हणतात, वहिनी. घास पण नको म्हणतात कालपासून.

वहिनी मोरीत जाऊन बसल्या. बादलीत भिजवलेली चादर होती, ती त्यांनी साबण लावून घासली, खळबळली. आवाजाने आता काही होणार नव्हतं. आईच्या हातांखाली त्यांना आपला चेहरा न्यायला हवा होता, आणि तो नेणारं दुसरं कोणी नव्हतं.

"पोतं!" अंगणातून हाक आली. "ये गं, मागचा पाटा जरा बसल्यासारखा वाटतोय. वजन टाकून बघू."

वहिनींनी चादरीचं एक टोक पिळलं. मग दुसरं पिळलं. झटकून दोरीवर टाकली, चारी कोपरे ओढून सारखी केली. दोन हाका आणखी आल्या. शेवटी काटेवाल्याने कोपऱ्यातलं सिमेंटचं पोतं ओढत नेऊन सीटवर चढवलं आणि मोठ्याने म्हणाला, "हे बरं. बोलत तरी नाही."

वहिनी चपला घालून पायरीवर आल्या तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "कुठे निघालीस?"

"बूट आणायला."

"बूट? या वयात? आणि या पायांना?"

"जाड तळाचे," वहिनी म्हणाल्या. "एक नंबर मोठे घ्यायला हवेत. चढताना पाय सुजतात." आणि फाटक लोटून त्या चपलांच्या दुकानाकडे निघाल्या.