वर लिहिलंय की!

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांइतका शब्दांचा कंजूष माणूस सोलापुरात दुसरा नसावा. एकदा सांगितलेलं नाव पुन्हा उच्चारणं हा ऐकणाऱ्याचा अपमान आहे, असं त्यांचं ठाम मत. नवी पेठेत कापडाच्या दुकानात शिरून ते नुसतं "दाखवा" म्हणतात. "काय दाखवू, काका?" असं विचारलं की वैतागतात, "बाहेर बोर्डावर साड्या लिहिलंय की!" एकदा सकाळी जिन्यात ते आपल्या मुलीविषयी बोलले आणि दुपारी फोन केला, "पंक्चर झाली, ढकलत आणली." मधल्या वेळेत त्यांनी मनातल्या मनात स्कूटरचा विषय काढला होता, मला कळवायचं तेवढं राहिलं होतं.

भवानी पेठेतल्या एका चादरीच्या कारखान्यात ते मागांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहीत. फंक्शनल प्रोग्रॅमिंग नावाच्या वेगळ्या पद्धतीकडे वळल्यावर त्यांना स्वभावाला साजेशी सोय सापडली. एरवी प्रत्येक मापाआधी त्याच्या प्रकाराचं नाव लावावं लागतं: चादर.रुंदी, टॉवेल.रुंदी. फाइलच्या माथ्यावर एका ओळीत तो प्रकार 'उघडला' की खाली नुसतं 'रुंदी' चालतं. त्यांनी सगळेच प्रकार उघडले. "बघा, किती मोकळं वाटतंय!" मुलीच्या लग्नातही मी त्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं.

दोन प्रकारांत एकच नाव असेल तर शेवटी उघडलेला जिंकतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी एका शनिवारी, नीटनेटकं दिसावं म्हणून, त्यांनी त्या ओळी वर्णानुक्रमाने लावल्या. चादर वर गेली, टॉवेल खाली. सोमवारी मागावरून टॉवेलच्या रुंदीची चादर उतरली.

मालकांनी ती टेबलावर पसरली. "सर, तुमी लई हुशार. पण हे पांघरू का पुसू?" मग आवाज न चढवता त्यांनी सांगितलं: पंधरा दिवसांत हा प्रोग्रॅम दुसऱ्या कुणाला वाचता आला पाहिजे; नाही तर तयार सॉफ्टवेअर घ्यायचं आणि सरांनी घरी बसायचं. सरांचं वय छप्पन्न.

वाचायला मंगळवेढ्याची एक मुलगी नेमली.

"सर, हे 'वजन' कुणाचं?"

"वर लिहिलंय की, बाळ."

"वर सत्तावीस नावं हायेत, सर."

"कर्सर नेऊन बघ. कॉम्प्युटर सांगतो."

"त्यो सांगतोय की. तुमी सांगा."

ते स्क्रीनवर वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. शेवटी त्यांनीच कर्सर नेऊन बघितला.

त्या दिवसापासून ते घरी प्रत्येक नावाआधी त्याचा प्रकार लिहीत बसले. मुदतीच्या बाराव्याच दिवशी मालकांचा फोन आला: तयार सॉफ्टवेअर घेतलंय. "बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा लिहायला घेतलं.

"आता कुणासाठी?" चार दिवसांनी मी विचारलं.

"ती पोरगी अर्ध्यापर्यंत आली होती. पुढं अडेल ना."

ती तर एव्हाना नवं सॉफ्टवेअर शिकायला पुण्याला गेली होती. तिला एसटीत बसवून द्यायला स्टँडवर सर स्वतःच गेले होते.