मिटायला जड चाकू

कालमेलांच्या घरात जेवण संपल्याचं चाकू सांगायचा. म्हातारा सिप्रियँ कालमेल आपलं पातं पावाच्या तुकड्यावर पुसे, तो तुकडा तोंडात टाके आणि चाकू मिटून खिशात ठेवी. त्यासरशी टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी आपापले चाकू मिटायचे आणि उठायचं. ताटात काय उरलंय हे कुणी बघायचं नाही. ओब्राकच्या पठारावर ही पद्धत पूर्वी घरोघरी होती. इतरांकडे ती ढिली पडत गेली, कालमेलांकडे नाही.

आल्बानी ही या घरातली सून. ती पठारावरची नव्हे, तिएर गावची, जिथे निम्मं गाव चाकू बनवून जगतं. तिचा बाप पाती घासायचा. नदीच्या पाण्याने फिरणाऱ्या दगडी चाकावर आडवी फळी टाकून त्यावर दिवसभर पालथं पडायचं आणि खाली हात घालून पातं दगडाला लावायचं, असं ते काम. खालून गार पाणी उडे, म्हणून पाय गरम राहावेत यासाठी पोटऱ्यांवर कुत्रा बसवलेला असे. लहानपणी आल्बानी बापासाठी सूप घेऊन जायची आणि त्याचं खाणं होईपर्यंत घासलेली पाती बोटाने चाचपत बसायची. लग्न होऊन कालमेलांकडे आली तेव्हा सासरच्या बायकांनी तिची पेटी चादरी बघायला उघडली. चादरी निघाल्या, पण त्यांच्याखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात चाकू.

त्या डब्याचे पुढे तीन डबे झाले. लायोलच्या गुरांच्या बाजारात बाकीच्या बायका कापडाच्या दुकानाकडे वळत, ही भंगारवाल्याच्या घोंगडीपाशी उकिडवी बसे. साव्वा भागातला गोल लाकडी मुठीचा चाकू, जो भिजला की फुगतो आणि मूठ टेबलावर ठोकल्याशिवाय उघडत नाही. नोंत्रों गावचा पिवळ्या लाकडाचा, मुठीवर डागण्या दिलेल्या नक्षीचा. द्राक्षाच्या वेली छाटायचा, पोपटाच्या चोचीसारखा वाकडा. खलाशांचा, टोकच नसलेला. सगळे गंज लागलेले, खिळखिळे, कुणीतरी टाकून दिलेले. ती ते घासून, तेल देऊन, चालते करी. नुसता डब्यात पडून राहिलेला चाकू तिला आवडत नसे. दर सोमवारी एकाची पाळी लागायची, आणि तो आठवडाभर तिच्या ॲप्रनच्या खिशात राहून सुतळी कापायचा, कोंबड्या सोलायचा, अळंबी खुडायचा.

"लोकांच्या बायका बशा जमवतात," तिचा नवरा फेर्नां म्हणायचा. "माझी बायको हत्यारं जमवते."

"मग जरा जपून वाग," आल्बानी म्हणायची.

मात्र जेवणाच्या टेबलाशी तिचा चाकू कधी निघाला नाही, कारण ती तिथे बसतच नसे. घरची बाई वाढते, चुलीपाशी उभी राहते, आणि पुरुष उठले की उरलेलं तिथेच खाऊन घेते. तिची सासूही तशीच वागली होती.

सिप्रियँ ऐंशीच्या पुढे गेला आणि घोटाळा सुरू झाला. दात गेले, भूक मेली. चार चमचे सूप, चिमूटभर चीज, की म्हाताऱ्याचं पोट भरायचं आणि चाकू मिटायचा. हिवाळ्यात याने फारसं बिघडलं नाही. टेबलाशी बाप-लेक दोघेच. फेर्नां गोठ्यात जाऊन पाव खायचा, आणि गाई त्याच्याकडे बघत राहायच्या. पण जुलैत गवत कापायला गड्यांची टोळी आली. पहाटे चारपासून विळे-दाताळे चालवणारी ती माणसं दुपारी टेबलाशी बसली आणि सूप संपवून मांसाला हात घालताहेत तोच वर टोकाला चाकू मिटला. सगळे उठले. दुसऱ्या दिवशीही तसंच.

त्या वर्षी मी गावोगाव गवत कापायची यंत्रं दुरुस्त करत फिरत होतो आणि कालमेलांच्या यंत्राचं दातेरी पातं तुटलं म्हणून त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. त्यामुळे माझंही पोट रिकामंच होतं.

टोळीचा मुकादम बास्तिद. माणूस धिप्पाड, बोलायला गोड. तो गोठ्याच्या भिंतीपाशी आल्बानीला गाठून म्हणाला, "मालकीणबाई, तुमच्या हातचं डुकराचं मांस म्हणजे काय सांगू! वासावरूनच सांगतोय म्हणा."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही. उद्या एक दिवस बघतो. परवा आम्ही शेजारच्या सेगालांकडे जाऊ. त्यांनी बोलावलंय."

"आणि आमचं गवत? कापून पडलंय सगळं."

"सेगालांकडे म्हातारा नाही, बाई. तिथे पोट भरून मग काम करता येतं."

आल्बानीने शेताकडे पाहिलं. शेतात आडवं पडलेलं ते गवत म्हणजे गाईंचा अख्खा हिवाळा होता. पाऊस आला आणि टोळी गेली, तर बर्फ पडायच्या आत अर्धी गुरं विकायला काढावी लागली असती.

"तू सांग त्यांना," ती फेर्नांला म्हणाली.

"मी? बाबांना?" फेर्नांने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "काय सांगू? तुम्ही लवकर मिटता म्हणून?"

"हो."

"तूच सांग. तुझं ऐकतात."

"माझं? मी सूप खारट झालंय का एवढंच विचारते."

सांगून उपयोग नव्हता हे दोघांनाही ठाऊक होतं. आदल्या दिवशी तिने टोपलीत पाव आणि चीज भरून गुपचूप शेतावर पाठवलं होतं. म्हाताऱ्याने ते खिडकीतून पाहिलं. "माझ्या घरची माणसं उभ्याने चरायला लागली का?" एवढंच तो म्हणाला आणि संध्याकाळी जेवायलाच आला नाही. गाई मुलाकडे गेल्या होत्या, बाजारचे व्यवहार मुलाकडे, किल्ल्या सुनेकडे. टेबलाची ती वरची खुर्ची तेवढी त्याच्याकडे उरली होती. ती काढून घ्यायला आल्बानीची जीभ रेटेना.

त्याच रात्री झोपायला जाताना सिप्रियँने खिशातून चाकू काढून तिच्यापुढे ठेवला. "पातं हलतंय. बघ जरा."

काळ्या शिंगाची मूठ, पाठीवर स्प्रिंगच्या टोकाला कोरलेली माशी, आणि घासून घासून झिजलेलं, गवताच्या पात्यासारखं अरुंद पोलाद. तो चाकू त्याने दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नसता. आल्बानीने तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला. स्प्रिंग थकली होती. बोट लागताच पातं मिटत होतं.

सकाळी ती माझ्या गाडीत बसून लायोलला आली. मला यंत्राचं नवं पातं आणायचंच होतं. रस्त्यात एकदा म्हणाली, "आज ते नाश्ताही करणार नाहीत. दुसऱ्याच्या चाकूने पाव कापायचे नाहीत ते."

चाकूवाला रूकेत हा तिचा जुना ओळखीचा. त्याने चाकू कानाशी नेऊन हलवला. "स्प्रिंग बदलतो. तासाभराचं काम."

"जाड घाल. आणि पात्याचं स्प्रिंगवर टेकणारं बूड असं घास, की उघडताना हलका लागेल आणि मिटताना जड."

रूकेतने चष्म्यावरून पाहिलं. "उलटं म्हणायचंय तुला. लोकांना मिटायला हलका लागतो."

"नाही. मी म्हटलं तेच."

"जड म्हणजे किती?"

"तुझा अंगठा दुखेल एवढा."

"आहे कुणासाठी? अस्वलासाठी?"

आल्बानी हसली नाही. तो काम करत होता तोवर ती दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. रूकेतने चाकू हातात दिला तेव्हा तिने तो स्वतः मिटून पाहिला. दोन्ही अंगठे लावावे लागले. "थोडा कमी करू का?" त्याने विचारलं. ती क्षणभर थांबली. मग नकारार्थी मान हलवून तिने चाकू रुमालात गुंडाळला.

दुपारी टोळी टेबलाशी बसली. सूप आलं, मांस आलं, आणि चीज घालून घोटलेल्या बटाट्यांचं आलिगो आलं, डाव वर उचलला की दोरीसारखं लांब होणारं. सिप्रियँने चाकू उघडला. पातं लोण्यातून यावं तसं बाहेर आलं.

"छान केलंय," तो म्हणाला. आल्बानी चुलीकडे वळली.

चार चमचे सूप. चिमूटभर चीज. म्हाताऱ्याने पातं पावावर पुसलं, तुकडा तोंडात टाकला, अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवला आणि दाबलं.

पातं हललं नाही.

त्याने पुन्हा दाबलं. मग दुसरा अंगठा लावला. मग मूठ पोटाशी धरली. मानेच्या शिरा वर आल्या, कान लाल झाले. दहा-बारा माणसं चमचे हातात धरून बसली होती आणि सगळ्यांना दिसत होतं. आल्बानी डाव घेऊन चुलीपाशी उभी होती. एवढं तिने योजलं नव्हतं. मिटायला वेळ लागेल, तेवढ्यात माणसं दोन घास जास्त खातील, इतकाच तिचा हिशेब. म्हाताऱ्याचे हात असे सगळ्यांदेखत थरथरतील हे तिच्या मनात आलंच नव्हतं. ती एक पाऊल पुढे आली.

तेवढ्यात बास्तिदने ताटातून मान वर न करता म्हटलं, "पाव द्या रे इकडे."

कुणीतरी पाव सरकवला. दुसऱ्याने मांसाचा मोठा तुकडा ओढून घेतला. तिसऱ्याने दारूची बाटली मागितली. बघता बघता सगळे माना खाली घालून खायला लागले, जणू बघण्यासारखं जगात दुसरं काही नव्हतंच. मीही तेच केलं. त्या घरात चमच्यांचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. सिप्रियँने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग उघडा चाकू टेबलावर ठेवला आणि त्यावर हात झाकला.

"खा," तो म्हणाला. "घाई नाही."

माणसं पोटभर जेवली. आलिगोचं भांडं तळापर्यंत आलं. आता कुणालाच काही नको होतं, पण चाकू उघडा होता, त्यामुळे उठता येत नव्हतं. खिडकीतून डोंगराच्या कडेला काळा ढग दिसत होता.

म्हाताऱ्याने चाकू उलटा करून मूठ पुढे ढकलली. "आल्बानी. तूच करून आणलास ना? मग तूच मीट."

ती आली. तिने चाकू उचलला, दोन्ही अंगठे ठेवले. आणि मग तो पुन्हा खाली ठेवला.

"मी अजून जेवले नाही, बाबा."

फेर्नां अर्धवट उठला होता, तो तसाच राहिला. हे वाक्य त्या घरात आजवर कुणी बोललं नसावं. म्हातारा तिच्याकडे बघत राहिला, मग चुलीकडे, जिथे तिचं रिकामं ताट उपडं ठेवलं होतं.

"मग बस की," तो म्हणाला.

खुर्ची नव्हती. बास्तिद बाकावर सरकला आणि त्याने शेजारच्याला कोपराने ढोसलं. आल्बानी बसली. तिने खिशातून त्या आठवड्याचा चाकू काढला, नोंत्रोंचा पिवळा, आणि मांस कापायला घेतलं. सिप्रियँने आलिगोचं भांडं तिच्याकडे ओढलं आणि स्वतःच्या हाताने तळ खरवडून तिच्या ताटात घातलं.

बाहेर गडगडलं. बास्तिद चुळबुळला. "मालकीणबाई, सावकाश जेवा हं, पण तो ढग..."

"ती जेवतेय," म्हातारा म्हणाला.

बास्तिदने हात मांडीवर ठेवले आणि तो खिडकीकडे बघत बसला.

त्या दिवशी थोडं गवत भिजलंच. पण टोळी सेगालांकडे गेली नाही, शेवटची गाडी कोठारात जाईपर्यंत कालमेलांकडे राहिली. टेबलाशी आणखी एक खुर्ची आली. म्हातारा रोज आपलं चिमूटभर खायचा, पातं पुसायचा, चाकू सुनेकडे सरकवायचा आणि तिचं होईपर्यंत थांबायचा.

हिवाळ्यात आल्बानीला राहवेना. "बाबा, ती स्प्रिंग मीच जड करायला सांगितली होती," ती म्हणाली. "रूकेतकडून हलकी करून आणू का?"

"कशाला?" सिप्रियँ म्हणाला. "तुझे अंगठे मोडलेत?"